स्वयंपाकघरातलं ऊन

ग्रीसहून बोटीने मेलबर्नला आलेला आर्किटेक्ट आरिस्तिदिस पोटासाठी मोटारींच्या कारखान्यात बोल्ट आवळत होता. अशात शहरातल्या ब्रन्सविक भागातल्या ग्रीक मंडळाने आपल्या सभागृहाचं काम त्याच्याकडे दिलं. गडी हरखला. गावाकडे बांधतात तसंच त्याने बांधलं: म्हाताऱ्यांना उन्हात कॉफी पीत पत्ते कुटायला दक्षिणेला काचांचा व्हरांडा आणि थंड राहावं म्हणून उत्तरेला स्वयंपाकघर. बांधकाम झालं भर उन्हाळ्यात, सूर्य माथ्यावर. कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

जूनमध्ये थंडी पडली आणि सगळा घोळ उघडा पडला. पृथ्वीच्या त्या टोकाला ऊन उत्तरेकडून येतं! व्हरांड्यात म्हातारे ओव्हरकोट घालून कुडकुडायला लागले आणि स्वयंपाकघर उन्हाने न्हाऊन निघालं.

"अरे ए शहाण्या," मंडळाचे अध्यक्ष फोटिसकाका गरजले, "सूर्य काय गावीच विसरून आलास?"

आरिस्तिदिसचं तोंड एवढंसं झालं. पुस्तकातलं सगळं त्याला ठाऊक होतं, पण हाताला गावची सवय. मंडळाला आता चर्च बांधायचं होतं. ते काम मिळालं तर कारखाना सुटणार, नाहीतर जन्मभर बोल्ट. त्याचा फैसला रविवारच्या बैठकीत व्हायचा होता.

रविवारी तो स्वतःहूनच उभा राहिला. "चूक माझी आहे. व्हरांडा तिकडे आणि स्वयंपाकघर इकडे करून देतो. मजुरी घेणार नाही."

काका मान डोलावणार, इतक्यात स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं. दारात एव्दोकियामावशी, हात पिठाने माखलेले, मागे बायकांची फौज.

"कोण रे तो अदलाबदल करणारा? भिंतीला हात लावून तर बघा!"

"अगं, आम्ही गारठलोय तिकडे," काका म्हणाले.

"गारठा की! आमच्या आयांचा जन्म अंधारात चुलीपुढे गेला, तेव्हा आला होता का कुणाला कळवळा? आता कुठे पाय शेकत पालक निवडतोय. पहिल्यांदा कुणीतरी बायकांच्या पदरात ऊन घातलंय. चर्चचं कामही याच पोराला द्यायचं!"

"त्याने चुकून घातलंय."

"तुम्ही तर चुकूनसुद्धा नाही घातलंत."

हशा पिकला. काका चाचरले, "मग आम्ही बसायचं कुठे?"

"आत या. कांदे सोलायला माणसं हवीच आहेत."

कपबश्या सांभाळत एकेक म्हातारा आत शिरला. थोड्याच वेळात सगळे उन्हात बसून कांदे सोलत होते आणि राजकारणावरून तावातावाने भांडत होते. दाराशी उभ्या आरिस्तिदिसला हसू आवरेना. इतका आनंद त्याला अथेन्समध्ये पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

काकांनी कांद्याने झोंबलेले डोळे पुसले. "चर्चची वेदी पूर्वेला लागते, माहीत आहे ना? का पूर्वही इथे पलीकडे गेलीय?"

"पूर्व जागच्या जागी आहे, काका. रोज पहाटे कारखान्यात जाताना सूर्य उगवताना बघतो की."

"मग उद्यापासून कारखान्यात जाऊ नकोस," काका म्हणाले. "चर्चच्या जागेवर जा आणि तिथून बघ."