गुळातली गोळी

रुचाचा फोन आला तेव्हा आश्लेषा भाकरी थापत होती. फोन ठेवल्यावर तिने त्या भाकरीला असा काही धपाटा घातला की भाकरी परातीतच फाटली.

"काय गं, काय झालं?" शंतनूने हॉलमधून विचारलं.

"काही नाही. तुझी लेक आफ्रिकेला चाललीय. सिंह बघायला."

तुझी लेक! आश्लेषा रागावली की सिया शंतनूची लेक व्हायची. एरवी गेली चार वर्षं ती आश्लेषाचीच होती. जन्म दिला होता रुचाने, शंतनूच्या पहिल्या बायकोने. घटस्फोटानंतर ती कॅलिफोर्नियात, सॅन होजेला असायची, मोठ्या हुद्द्यावर, सदा विमानात. आश्लेषा नागपूरहून लग्न करून न्यूयॉर्कजवळ वेस्ट विंडसरला आली तेव्हा सिया सहा वर्षांची होती, पुढचे दोन दात पडलेली. नवीन बाई दिसली की मावशी म्हणायचं, असं तिला कुणीतरी शिकवलेलं. तेव्हापासून आश्लेषा 'मावशी'. उवा काढायला मावशी, स्विमिंगला न्यायला मावशी, सायन्स प्रोजेक्टचा ज्वालामुखी रंगवायला मावशी. आणि रुचा? रुचा वाढदिवसाला खोका पाठवायची. खोका मोठा असायचा, हे मान्य करायलाच हवं.

आणि आता हा सगळ्यात मोठा खोका. जुलैमध्ये तीन आठवडे दक्षिण आफ्रिका! क्रूगरच्या जंगलात जीपने फिरायचं, आणि जंगलाच्या पार उत्तरेच्या टोकाला थुलामेला नावाचं जुनं दगडी शहर बघायचं. त्याच्या पुढचं वाक्य रुचाने इतक्या हळू सांगितलं होतं की आश्लेषाला आधी ते नीट ऐकूच आलं नाही. सियाने सप्टेंबरपासून सॅन होजेला राहायला यावं, असं तिला वाटत होतं. ट्रिपवरून आल्यावर सियाने ठरवायचं.

"म्हणजे आधी हत्ती दाखवायचा आणि मग पोरगी उचलायची!" आश्लेषा म्हणाली. "काहून बाप्पा, मी चार वर्षं काय केलं मग? मला नाही हत्ती दाखवता येत?"

"आपण प्रेशर नाही आणायचं, यार," शंतनू म्हणाला. हा माणूस भांडणातसुद्धा मीटिंगमधल्यासारखा बोलायचा. "तिचा डिसिजन आहे. तू काही बोलू नकोस, प्लीज."

आश्लेषा बोलली नाही. बोलायचा आपल्याला हक्क काय, हे तिचं खरं दुखणं होतं. आई बोलू शकते, बाप बोलू शकतो. मावशीने कोणत्या तोंडाने बोलायचं?

तोंड बंद, पण हात बंद नव्हते. तिने लायब्ररीतून थुलामेलाची माहिती काढली आणि सियाला वाचून दाखवली. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड रचून उभ्या केलेल्या भिंती, आणि शेकडो वर्षं झाली तरी जागच्या जागी. तिकडे जुलैत थंडी असते हेही तिनेच शोधलं आणि नागपूरच्या आईने विणलेला लाल स्वेटर बॅगेत घातला. रुचा फोनवर हसली. "आश्लेषा, आफ्रिका आहे गं ती, अलास्का नाही!" आश्लेषाला मिरच्या झोंबल्या, पण स्वेटर तिने बाहेर काढला नाही.

आणि होती ती मलेरियाची गोळी. दर रविवारी अर्धी. जायच्या आधीपासून सुरू करायची आणि परत आल्यावर चार रविवार चालू ठेवायची, असं डॉक्टरने बजावलेलं. गोळी अर्धी तोडली की अशी कडू जहर व्हायची की पहिल्या रविवारी सियाने ती सरळ सिंकमध्ये थुंकली आणि वर अर्धा तास रडली. पाण्याबरोबर देऊन झालं, ज्यूसबरोबर देऊन झालं, आइस्क्रीममधून देऊन झालं. शेवटी आश्लेषाने गूळ आणि तूप मळून बोराएवढा गोळा केला, त्याच्या पोटात गोळी दडवली, वरून तुपाचं बोट फिरवलं आणि म्हणाली, "चावायचं नाही. डोळे मीट आणि गिळ." गटकन गेली! सियाने डोळे उघडले आणि जीभ बाहेर काढून दाखवली. "मॅजिक," ती म्हणाली.

विमानतळावर आश्लेषाने रुचाला सगळं समजावून सांगितलं. दर रविवारी, जेवणानंतर, भरपूर पाणी. गुळाचं मात्र सांगितलं नाही. विसरली नव्हती. जिभेच्या टोकावर आलेलं तिने जाणूनबुजून मागे ढकललं. बघू दे की तिलाही. आई आहे ना? आईला सगळं येतं. मग घरी येताना टर्नपाइकच्या हायवेवर तिला स्वतःचीच लाज वाटली, पण थोडीच. बाकी सगळा जळफळाट होता.

ते तीन आठवडे तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. मधूनच सियाचा फोन यायचा. "मावशी, वी सॉ अ लेपर्ड! झाडावर झोपला होता!" आश्लेषा म्हणायची, "अगं बाई, हो का?" आणि फोन ठेवून ओटा पुसत सुटायची. त्या जुलैमध्ये तो ओटा जितका घासला गेला तितका कधी घासला गेला नसेल. रविवार आला की तिच्या मनात एक दुष्ट आनंद वळवळायचा. आता पोरगी रडत असेल. आता रुचाची पाचावर धारण बसली असेल. पण रुचाचा कधी फोन आला नाही.

सिया गुरुवारी परत आली, सावळी, उंच झालेली, अंगात कितीतरी खिशांचं नवं खाकी जाकीट. रुचाने तिला दारात सोडलं आणि न्यूयॉर्कला कामाला गेली. रविवारी जेवायला येणार होती, आणि त्याच वेळी सिया काय ते सांगणार होती.

शुक्रवारी संध्याकाळी सियाने फोटोंची सीडी टीव्हीवर लावली. शंतनू पुढे सरकून बसला. आश्लेषा मागे वाटाणे सोलत बसली. वाटाणे सोलायची काही गरज नव्हती.

हत्तीण आणि पिल्लू, रस्ता अडवून उभे. सावलीत लोळणारे सिंह, शेजारच्या आळशी कुत्र्यांसारखे. मग थुलामेला. करड्या भिंती, टेकडीखाली नदी, भलंमोठं बाओबाबचं झाड, आणि पुढे बंदूक घेतलेला रेंजर.

"एका लाइनमध्ये चालायचं, बोलायचं नाही," सिया सांगत होती. "कारण तिथे खरे हत्ती असतात. वाटेत शेण होतं, इट वॉज स्टिल वॉर्म! आई इतकी घाबरली! तिने माझा हात इतका घट्ट धरला!"

आणि तोच फोटो. भिंतीपुढे रुचा आणि सिया, हातात हात. मायलेकी, हुबेहूब एकच नाक. आश्लेषाने फोटो नीट पाहून घेतला. लाल स्वेटर? नव्हता. आधीच्या फोटोंत? तिथेही नव्हता. सगळीकडे तेच मेलं खाकी जाकीट. त्या भिंतींबद्दल पोरीला वाचून दाखवलं कुणी, थंडी असते म्हणून सांगितलं कुणी, आणि हात धरून उभं कोण! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. शंतनूने टीव्ही बंद केला तेव्हा काळ्या पडद्यात तिला आपला चेहरा दिसला. ओठ आत ओढलेले, डोळे मोठे, दुकानाबाहेर उभ्या असलेल्या मुलीसारखे. तिला तो बघवेना.

रविवारी रुचा आली. आश्लेषासाठी तिने लाकडी जिराफ आणला होता, मान इतकी लांब की तो कोणत्याच फळीवर बसेना. आश्लेषाने वडाभात केला होता, भरली वांगी केली होती. पाहुणचारात उणं काढायला कुणाला जागा ठेवायची नाही, असं ठरवूनच केलं होतं. शंतनू आणि सिया डेकवर टेबल लावत होते. रुचा स्वयंपाकघरात आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"एक विचारू, आश्लेषा? राग मानू नकोस." तिचा आवाज आज फोनवरच्यासारखा नव्हता. "तू तिला ती गोळी कशी देतेस?"

आश्लेषाचा हात थांबला.

"तिकडे पहिल्या रविवारी तिने ती तोंडात धरली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी म्हटलं, मावशी कशी देते ते सांग, मी तशीच देते. तर सांगेना. चॉकलेट देऊ का म्हटलं, तर नको. म्हणाली, 'दॅट्स अवर्स.' आणि सगळी चावून खाल्ली, कडूच्या कडू. तिन्ही रविवार तसंच. समोर हत्ती उभे होते गं, आणि मी आपली विचार करतेय की असं काय आहे तुमच्या दोघींचं!" रुचा हसायला गेली, पण ते काही जमलं नाही.

काय सांगू तुम्हाला, आश्लेषाच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या! तीन आठवड्यांची आग एका क्षणात थंड. पोरीने कडू गोळी चावली, पण आपलं गुपित दिलं नाही. हत्ती हरले, सिंह हरले, ते दगडी शहरसुद्धा हरलं. आणि जिंकलेल्या माणसाला दानशूर व्हायला कितीसा वेळ लागतो?

"अगं, त्यात काय एवढं!" ती म्हणाली, जिभेवर साखर ठेवून. "ये, दाखवते."

तिने गुळाचा डबा काढला. गूळ किती, तूप किती, गोळी मधोमध कशी बसवायची, सगळं दाखवलं. रुचाने मुकाट्याने, कान देऊन शिकून घेतलं. तिचा गोळा जरा मोठा झाला, एका बाजूला चपटा. आश्लेषाने तो मुद्दाम नीट केला नाही. रुचाने तो बशीत ठेवला आणि स्वतः बाहेर घेऊन गेली. आश्लेषा मागोमाग गेली, बघायला.

सियाने बशी पाहिली. मग आईकडे पाहिलं. मग आश्लेषाकडे.

"यू टोल्ड हर?"

"अगं, तुझ्या आईला माहीत असायला हवं ना..."

"म्हणजे मी जायचं," सिया म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "उरलेल्या गोळ्या आता आई देणार. म्हणून तू तिला शिकवलंस. ओके."

दोन मिनिटांपूर्वी आपण काय दान केलं ते आश्लेषाला आत्ता दिसलं. शंतनू तिच्याकडे बघत होता, बोलू नकोस म्हणून. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"नाही!" ती म्हणाली, इतक्या मोठ्याने की शेजारच्या अंगणातला माणूस वळून बघू लागला. "नाही जायचं! मला नकोय तू जायला. मी जळते, कळलं तुला? त्या फोटोत आईने तुझा हात धरलाय ना, त्याच्यावर जळते. त्या खाकी जाकिटावर जळते. तो जिराफ आहे ना आत, त्या मेल्यावरसुद्धा जळते मी! तू इथेच राहा. माझ्याजवळ."

"मग आधी का नाही बोललीस?" सिया म्हणाली, इंग्रजीचा एक शब्द न घालता. फार चिडली तरच ती अशी निव्वळ मराठीत भांडायची. "आईने तरी मला विचारलं. तू विचारलंच नाहीस. मी रोज वाट बघत होते. मला वाटलं, तुला चालेल."

तिने डोळे पुसले, बशी पुढे सरकवली आणि म्हणाली, "ही नको. तू दे."

हेच ऐकायला तर आश्लेषा महिनाभर तडफडत होती. आता नाचायला हवं होतं तिने. पण बशी उचलताना तिची नजर रुचाकडे गेली. ओठ आत ओढलेले, डोळे मोठे, दुकानाबाहेर उभ्या असलेल्या मुलीसारखे. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. दोनच दिवसांपूर्वी तिने तो बंद टीव्हीत पाहिला होता.

रुचाने खुर्चीवरची पर्स उचलली. "मी निघते," ती म्हणाली.

आश्लेषा आत गेली. चपट्या गोळ्यातली अर्धी गोळी तिने काढली, पुसली, आणि गुळाच्या डब्यात हात घातला.

"रुचा," तिने आतूनच हाक मारली. "तूही गेली होतीस ना तिकडे? तुझीही गोळी असेल आज."

मग रुचा दारात आली. तिने पर्स उघडली, आतून गोळ्यांची डबी काढली आणि पुढे केली.

"दोन करते," आश्लेषा म्हणाली. "मग जेवून जा. वडाभात गार होतोय."

तिने दोन गोळे केले. सियाच्या गोळ्याला तूप मात्र जरा जास्त लावलं.