‘थेट’ हा शब्द

मित्रांनो, मी एक जुनी भाषा आहे. माझ्यात गप्पा मारता येत नाहीत की गाणी रचता येत नाहीत. एका मोठ्या हॉस्पिटलच्या संगणकांचा कारभार कसा चालावा, तेवढंच माझ्यात लिहितात. तपासणी, औषधं, खाटा, बिलं, प्रत्येकाचा प्रोग्रॅम वेगळा. कोणी कोणाला काय विचारायचं आणि कोणामार्फत, हे माझ्यात ठरतं.

मला एका इंजिनियर बाईंनी घडवलं. सगळे त्यांना ताई म्हणतात. सुरुवातीला माझं कोण कौतुक! नवा माणूस आधी मला वाचायचा आणि अख्खं हॉस्पिटल त्याला समजायचं.

मग ऑफिसात ती आली. मोठी, काहीही लिहू देणारी भाषा. तिच्यात ‘थेट’ असा शब्द होता. तो लिहिला की मधल्या सगळ्यांना वगळून कुणाच्याही नोंदींत हात घालता येई. सगळी मंडळी तिच्याभोवती गोळा झाली. माझा नुसता तिळपापड झाला. तिचं नाव निघालं तरी माझ्या पोटात दुखे.

टीमच्या प्रमुखांना सगळे मागून घाईसाहेब म्हणत. ते ताईंना म्हणाले, “अहो, हिलाही द्या ना तो शब्द. नाहीतर हिला बंदच करावं लागेल.”

“नाही देणार. तो नाही म्हणून तर ही कामाची आहे.”

मला ताईंचा भयंकर राग आला.

ताई रजेवर गेल्या आणि घाईसाहेबांनी तो शब्द माझ्यात घातला. काय सांगू! सगळे माझ्याकडे परत आले. तिच्याकडे बघून मी झकास नाक मुरडलं.

मग एका सकाळी तपासणीवाल्यांनी आपल्या नोंदींची मांडणी बदलली. औषधांचा प्रोग्रॅम त्या नोंदींत थेट हात घालून बसला होता. त्याने साखरेचा म्हणून भलताच आकडा उचलला. त्यावरून निघालेला इन्सुलिनचा डोस बघून सिस्टर थबकल्या, त्यांनी पुन्हा तपासायला लावलं, म्हणून एक आजोबा वाचले.

ताई धावत आल्या. कुणावर ओरडल्या नाहीत. बसल्या आणि तो शब्द काढू लागल्या.

“लोक पुन्हा तिच्याकडे जातील, ताई,” घाईसाहेब हळूच म्हणाले.

“जाऊ देत. बाकीची कामं करा तिच्यात. हॉस्पिटलच्या प्रोग्रॅमांची एकमेकांशी जोडणी मात्र हिच्यातच लिहायची.”

मी टिकले, पण माझ्याकडे आता कामापुरतंच कुणी फिरकतं. तिच्याकडे हसणं-खिदळणं चालतं आणि मी जळत बसते. आजोबा बरे होऊन घरी गेल्याचा मला आनंद आहे. तरी तो शब्द मला अजून हवाच आहे, खोटं कशाला बोलू? म्हणून मित्रांनो, एकच विनंती. मला जपा, अधूनमधून वाचा, आणि मी कितीही हट्ट केला तरी तो मला देऊ नका.