पाचवा कुणाचा?

"तुम्ही एका दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर हात ठेवलात. तोही मागून येऊन, गुपचूप, कारण न देता. अख्ख्या नाटकात तिला एकच वाक्य होतं आणि तुम्ही नेमकं तेच खोडलंत. तुम्हाला लाज कशी वाटली नाही?"

प्रफुल्लने हे पत्र एका दमात लिहिलं आणि बालनाट्य स्पर्धेच्या संहिता समितीला धाडूनही दिलं. निशिगंधा म्हणाली होती, "एक दिवस थांब, मग पाठव." पण थांबणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. दहावीनंतर त्याने कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. नाटक शिकला डोंबिवलीच्या मंडपांमागे पडदे ओढून, आणि बोलायला शिकला भांडून. निशिगंधाचं उलटं. नौपाड्यातली शिक्षिका, आवाज कधी चढायचा नाही. असली विजोड जोडी अकरा वर्षं 'गलका' नावाची संस्था चालवत होती. माजिवड्याच्या उड्डाणपुलापलीकडच्या वस्तीतली सोळा मुलं, शनिवार-रविवारी दुपारी शाळेचा एक रिकामा वर्ग, आणि वर्षाला एक नाटक.

यंदाचं नाटक होतं 'बाविसावा मजला'. एक लिफ्ट वर जात राहते, दर मजल्यावर दार उघडतं, आणि प्रत्येक मूल त्या मजल्यावरच्या माणसाला एक प्रश्न विचारतं. प्रश्न मुलांनी स्वतःच आणायचे, ही अट. कुणी विचारलं, तुमच्या गॅलरीतनं आमचं घर दिसतं का? कुणी विचारलं, तुमचा कुत्रा कितवीत आहे? शिवानी आठ दिवस गप्प होती. नवव्या दिवशी उभी राहिली आणि म्हणाली,

"काकू, तुमच्याकडे माणसं चार आणि संडास पाच. मग पाचवा कुणाचा?"

वर्ग हसून लोळला. प्रफुल्ल हसला नाही.

"तुला गं कुणी सांगितलं हे?"

"आईने. ती पाचही घासते."

"आणि ती स्वतः कुठे जाते?"

"जातच नाही. घरी येऊन जाते."

त्या दिवशी प्रफुल्लने वहीत ते वाक्य लिहिलं आणि खाली पेन असं दाबून रेघ मारली की पान फाटायचं राहिलं. आणि आता समितीकडून संहितेची प्रत परत आली होती. पहिल्या पानावर 'मंजूर'चा गोल शिक्का, आणि चौदाव्या पानावर शिवानीचं वाक्य आडव्या रेघेखाली मेलेलं.

मुलांना राग वगैरे आला नाही. त्यांना कोडं पडलं.

"संडास बोललो ना, म्हणून," हर्षित म्हणाला. "टॉयलेट बोलायला पायजे होतं."

"टॉयलेट बोलल्यावर काय वास जातो काय?" सान्वीने त्याला उडवून लावलं. "त्यांच्या घरी पण पाच असतील बघ."

"मग त्यांना माहिती असेल ना पाचवा कुणाचा," शिवानी म्हणाली. "खोडलं कशाला? बाजूला उत्तर लिहायचं ना! दादा, मी पण येते विचारायला."

पोरीला कल्याणला न्यायचं तर घरी सांगायला हवं. शिवानीची आई शेवंती तेव्हा कामावरून येऊन लसूण सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. "कशाला जाता, दादा? एक वाक्य ते काय! राहू द्या की."

प्रफुल्लच्या मनात आलं, हेच, हेच ते गरिबाचं घाबरणं. समितीवरचा त्याचा राग आणखी दोन बोटं चढला. तिच्या हातातली लसणीची पाकळी मात्र दोनदा खाली पडली, ते काही त्याच्या लक्षात आलं नाही.

समितीचं कार्यालय म्हणजे कल्याणच्या एका जुन्या इमारतीत एक खोली, दोन कपाटं आणि आबा. आबांची सत्तरी उलटली असावी. कुठल्या तरी सरकारी खात्यातून निवृत्त होऊन ते इथे संहितांचे गठ्ठे सांभाळत. टेबलावर पेपरवेटखाली ते पत्र होतं.

"या," आबा म्हणाले. "'लाज कशी वाटली नाही' ते आपणच ना?"

"हो, मीच. आणि ते मी तोंडावरही विचारतो."

"विचारा. पण आधी बसा. बाळ, तूही बस. तुझंच का गं ते वाक्य?"

शिवानीने मान डोलावली. आबांनी कपाटातून दुसरी कुठलीशी संहिता काढून पुढ्यात टाकली. तिच्यात दोन ओळी लाल शाईने खोडलेल्या, बाजूला सही, सहीवर शिक्का आणि टाचणीने लावलेली कारणाची चिठ्ठी.

"आम्ही खोडतो. नाही म्हणत नाही. कधी कधी मूर्खासारखंही खोडतो. पण खोडलं की सही ठोकतो, कारण सही ठोकायला मिळणं हाच आमचा एकमेव आनंद आहे. तुमच्या चौदाव्या पानावर सही कुठाय, दाखवा."

सही नव्हती. प्रफुल्लने पान उलटंसुलटं करून पाहिलं. आबांनी समितीकडे ठेवलेली दुसरी झेरॉक्सही काढली. तिच्यातही तीच रेघ, त्याच जागी.

"तुमच्याकडून आलं तेच असं, साहेब."

प्रफुल्लने दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या. शिवानी मात्र टेबलावर कोपरं टेकून पानात नाक खुपसून बसली होती.

"आबा, ही रेघ एक नाहीये. दोन आहेत. मधे बारीक फट आहे बघा."

आबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "अरेच्चा! आहे खरी."

"माझ्या चॉकलेटी स्केचपेनचं टोक फाटलंय. तो अशीच रेघ मारतो."

"म्हणजे तूच खोडलंस की काय?"

"मी कशाला खोडू? माझं एकच तर वाक्य आहे!"

एवढं बोलली आणि पोरीचा चेहरा एकदम बदलला. प्रफुल्लच्याही डोक्यात त्याच क्षणी उजेड पडला, आणि तो उजेड काही सुखाचा नव्हता.

'गलका'ची एक रीत होती. नाटकाची वही पक्की झाली की ती घरोघर जायची. एकेका घरी एक दिवस. आपलं मूल स्टेजवर काय बोलणार, ते आईबापांना आधी कळावं, पटलं नाही तर त्यांनी वहीतच लिहावं. संस्थेच्या माहितीपत्रकात निशिगंधाने हे ठळक अक्षरात छापलं होतं आणि भाषणांत दोघंही ते छाती फुगवून सांगत. अकरा वर्षांत एकाही घराने वहीत टिंब काढलं नव्हतं. त्यामुळे परत आलेली वही उघडून बघायची असते, हे दोघं विसरूनच गेले होते. प्रफुल्लने ती तशीच झेरॉक्सवाल्याकडे दिली होती. मधलं पान त्यानेही पाहिलं नाही, आणि झेरॉक्सवाल्याचं ते कामच नव्हतं.

अकरा वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी उत्तर दिलं होतं. आणि याने जाऊन भलत्याच माणसाची गचांडी धरली होती.

"हो, मी खोडलं," शेवंती म्हणाली. लपवाछपवी नाही, रडणं नाही. "सातवी शिकलेय मी, दादा. वाचता येतं मला. थोरली निशा तुमच्याकडे यायची तेव्हापासून तुमच्या वह्या वाचतेय. एकदा तरी विचारलंत का, शेवंती, कशी वाटली?"

प्रफुल्ल उंबऱ्यातच उभा होता. आत या असं कुणी म्हणालं नव्हतं.

"मॅडम नाटकाला येणारेत," शेवंती म्हणाली. "मुद्दाम. माझ्या पोरीला बघायला. अंगावर घालायचा फ्रॉकही त्यांनीच दिलाय. आणि ही तो फ्रॉक घालून उभी राहणार न् त्यांच्याच घरातले संडास मोजणार? दुसऱ्या दिवशी मी कुठल्या तोंडाने बेल वाजवू? मॅडम वाईट नाहीत, दादा."

"मग पाचवा वापरू देतात का?" शिवानीने मधेच विचारलं.

"गप गं."

"सांग ना. देतात का?"

शेवंतीने हातातला लसूण खाली ठेवला. "मी कधी विचारलंच नाही," ती म्हणाली. "सात वर्षं झाली. एखादवेळी हो पण म्हणतील. पण नाही म्हणाल्या तर? मग ते 'नाही' रोज डोक्यावर घेऊन बावीस मजले चढायचे. त्यापेक्षा न विचारलेलं बरं."

प्रफुल्लकडे जगातल्या सगळ्या साहेबांसाठी उत्तरं तयार असत. इथे साहेब नव्हता. शेवटी तो उंबऱ्यातच खाली बसला आणि अकरा वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं.

"तुम्हीच सांगा, शेवंतीताई. काय करायचं?"

शेवंतीने लसणाची सालं गोळा केली. पोरीच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, "माझ्या घराचा आकडा हिच्या तोंडी नको. दुसऱ्या कुणाच्या तरी द्या. आणि एकट्या माझ्याच मॅडमकडे जास्तीचा आहे होय? सगळ्यांच्या आया कामं करतात. विचारा की त्यांना. सोळा घरं झाली की कुणाचं कुठलं ते कोण ओळखतंय!"

"पण ते वाक्य माझं आहे," शिवानी पुटपुटली.

"वाक्य तुझं आहे. नोकरी माझी आहे."

पुढच्या शनिवारी वर्गात जो बाजार भरला तो काय सांगावा! सोळा मुलं घरून आकडे घेऊन आली होती. माणसं दोन, संडास चार. माणसं तीन, संडास चार, त्यातला एक पाहुण्यांचा, आणि पाहुणे गेल्या दिवाळीपासून आलेले नाहीत. माणूस एक, संडास तीन. हर्षितच्या आईच्या कामाच्या घरी एका संडासात चपलांचे खोके ठेवले होते. सान्वीच्या आईकडे मांजराला वेगळा होता, वाळूसकट. दोघातिघांकडे मात्र बाईला खुशाल वापरू देत. तेही मुलांनी इमानदारीत सांगितलं, आणि ते ऐकून बाकीच्यांना जास्तच नवल वाटलं.

"म्हणजे देतात पण!" हर्षित म्हणाला. "मग बाकीचे का नाही देत?"

मुलांनी फळ्यावर लिहायला घेतलं. तेवढ्यात शिवानी वळली. "ताई, तुमच्याकडे किती?"

निशिगंधा हसली. "आमच्याकडे आई आणि मी, माणसं दोन आणि संडास दोन."

"आणि तुमची बाई कुठे जाते?"

हसू तिथेच थांबलं. निशिगंधाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तिने... तिने कधी विचारलं नाही."

प्रफुल्लला वाटलं, आता हिला सावरावं. मग वाटलं, नको. सोमवारी निशिगंधाने घरी काय केलं ते तिने कधी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. ही खोड जायला वेळ लागतो.

नवीन चौदावं पान घेऊन तो समितीकडे गेला. सोबत पत्र होतं. 'रेघ तुम्ही मारली नव्हती. आरोप मागे घेतो, माफी मागतो. पण पोरांच्या नाटकातलं एक वाक्य खोडलेलं तुम्हाला दिसलं, आणि ते कुणी, का खोडलं हे विचारावंसं तुमच्यातल्या एकालाही वाटलं नाही. मला तर ती रेघ दिसलीही नाही. म्हणजे आपण एकाच माळेचे मणी.' आबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, फाइलमध्ये नाही. चार दिवसांनी पान परत आलं. समासात सही, शिक्का आणि एकच ओळ होती : 'काहीही खोडलेले नाही.'

प्रयोग रविवारी दुपारी होता. शेवंती आठव्या रांगेत बसली होती. शेजारी मॅडम, मांडीवर पर्स, चेहऱ्यावर कौतुक. लिफ्ट वर गेली. बाविसावा मजला आला आणि दार उघडून या वेळी एक नाही, सोळाच्या सोळा पोरं बाहेर आली. प्रत्येकाने दुसऱ्याच्या आईचा आकडा सांगितला. "माणसं दोन, संडास चार!" प्रेक्षागृह हसलं. मांजराच्या वाळूवर तर टाळी पडली. "माणसं चार, संडास पाच," हर्षित ओरडला, तेव्हा मॅडमही हसल्या. पण जरा उशिराने. मग त्यांची मान हळूच शेवंतीकडे वळली. शेवंती समोर बघत राहिली. तिने साडीचा पदर दोन्ही मुठींत घट्ट धरला होता.

शेवटी शिवानी पुढे आली, फ्रॉक सावरत, पार स्टेजच्या कडेपर्यंत. संहितेत पुढे लिहिलं होतं, 'प्रश्न विचारून शिवानी मागे फिरते. पडदा.'

"उरलेले कुणाचे?" तिने विचारलं. "आणि आमच्या आया दिवसभर कुठे जातात?"

हशा विरला. कुठेतरी एक खुर्ची करकरली. शिवानी मागे फिरली नाही. विंगेत प्रफुल्लच्या हातात पडद्याची दोरी होती. समोरच्या विंगेतून निशिगंधाने आधी पडदा पाडायची खूण केली, मग हात खाली घेतला.

शिवानीने एकेका रांगेवरून नजर फिरवली, पहिलीपासून. आठव्या रांगेशी ती क्षणभर थांबली आणि पुढे गेली. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाली,

"आम्ही थांबलोय. आता सांगा."