भिंतीकडची खूण

टक्.

ईश्वरी नुकतीच झोपली होती. दुपारचे दोन वाजले होते, घर अगदी गप्प होतं. मी नकाशाचा कागद पलंगावर पसरून पहिली रेघ ओढणार, तेवढ्यात मागच्या अंगणातून तो आवाज आला. टक्. मग लागोपाठ, टक् टक् टक्. लेकराने कूस बदलली. मी पेन्सिल कानावर खोचून तरातरा मागे गेले.

अंगणात आमच्या जात्याच्या दोन्ही तळ्या सुट्या करून ठेवल्या होत्या. पन्नाशीतला एक माणूस खालच्या तळीपुढे मांडी घालून छिन्नीने बारीक घाव घालत होता. चष्म्याची एक काडी नव्हती, तिथे दोरा बांधून तो कानाला अडकवला होता. माझ्या सासूबाई, म्हणजे कस्तुराबाई, बाजूला बाजेवर बसून लक्ष ठेवून होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

मी काही बोलायच्या आधी त्यानेच वर पाहिलं.

"लेकरू झोपलंय व्हय ताई? थांबा."

त्याने सायकलवरचं पोतं ओलं केलं, तळीखाली घातलं आणि पुन्हा घाव घातला. आवाज निम्म्याने खाली आला. इतकी वर्षं जात्याला टाकी लावणारे दारात येऊन गेले, पण झोपलेल्या लेकरासाठी दगडाचा आवाज दाबणारा मी पहिल्यांदाच पाहिला. त्याचं नाव बन्सीधर. आत्याबाई त्याला नुसतं बन्सी म्हणत.

काम संपल्यावर त्याने दोन्ही तळ्यांच्या कडेला, एकाखाली एक येतील अशा, तीन बारीक रेघा मारल्या. मी विचारलं, हे कशाला? उत्तर आत्याबाईंनी दिलं. याच्या बापाने एकदा चार घरची जाती एकाच दिवशी टाकीला घेतली, आणि आमची वरची तळी पोखर्णीला कुणाच्या घरी जाऊन बसली. ती काही परत आली नाही.

"खालची अजून गोठ्यात लोळायलीय," त्या म्हणाल्या. "रांडमुंड बाईवानी."

बन्सीधर हसला. "तवापासून तर बापानं जोडखूण करायला सुरू केलं, माय. तुमच्या शिव्यांनीच शिकला त्यो."

पाणी प्यायला ओसरीत आला तेव्हा त्याला पलंगावरचा माझा कागद दिसला. गावच्या बारवेतल्या देवळीचा नकाशा होता तो. बारव म्हणजे आमची पायऱ्यांची जुनी दगडी विहीर. तिच्या दक्षिणेच्या भिंतीत एक कोनाडा आहे, छोट्या देवळासारखा घडवलेला, त्यात देवी. ती भिंत फुगली होती. परभणीच्या भगवानराव सरांचा गट दर रविवारी येऊन बारवेतला गाळ काढायचा, झुडपं तोडायचा. लग्नाआधी मी परभणीत एका इंजिनिअरकडे दोन वर्षं नकाशे काढले होते हे सरांना कुठून तरी कळलं, आणि ईश्वरीच्या जन्मापासून बंद पडलेली माझी पट्टी-पेन्सिल पुन्हा बाहेर निघाली.

बन्सीधरने कागद हातात घेतला नाही. वाकून, हात मागे बांधून पाहिला.

"ही रेघ सरळ न्हाई, ताई. तिथं दगड पोटात गेलाय."

मला राग आला. दुसऱ्या दिवशी बारवेत जाऊन दोरी धरली. दगड खरंच चार बोटं आत गेला होता. सवयीने मी पट्टी लावून सरळ रेघ ओढली होती, जणू भिंतीने माझ्या पट्टीचं ऐकायला हवं.

म्हणून मीच त्याला सरांकडे घेऊन गेले. निवृत्त मुख्याध्यापक माणूस, मनाने चांगले, पण घाबरट. परभणीचा एक ठेकेदार सिमेंटमध्ये सगळी भिंत महिन्यात उभी करून द्यायला तयार होता. जातं टाकवणारा माणूस देवीची देवळी कशी बांधणार, हे सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं. पण बारवेत बाजूला म्हटलेलंही चारी भिंतींना ऐकू जातं. शेवटी असं ठरलं: बन्सीधरने फक्त देवळी उतरवायची आणि चुन्यात पुन्हा रचायची. पाडव्याला देवी तिच्यात परत बसली तर दक्षिणेची सगळी भिंत त्याची. नाही बसली तर ठेकेदाराची.

बन्सीधरने एकच गोष्ट मागितली.

"हजेरीच्या वहीत मला मजूर लिवायलाव तुमी. मिस्त्री लिवा."

सर म्हणाले, पाडव्यानंतर बघू.

माघात देवळी उतरवली. एक्केचाळीस दगड. देवी तेवढ्यापुरती मारुतीच्या देवळात नेऊन ठेवली. एकेक दगड खाली आला की मी त्यावर खडूने आकडा घालायची आणि तोच आकडा कागदावर. रंगाने लिहिलं तर दगडाला कायमचा डाग पडतो, म्हणून खडू. हे मीच सुचवलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. बन्सीधरने खड्ड्यात चुना भिजवला. महिनाभर मुरू दिला, मग वाळू, गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर घालून घोटला. रोज संध्याकाळी तो चिमूटभर चुना दोन बोटांत चोळून बघायचा, जशी बाई भाजणी बघते. ईश्वरी तिथेच वाळूत खेळायची, आणि घरी येताना तिच्या फ्रॉकला गुळाचा वास यायचा.

पाडवा चार दिवसांवर आला. सकाळी मी बारवेवर गेले आणि पायऱ्यांवरच थांबले.

एक्केचाळीस दगड उन्हात लख्ख काळे चमकत होते. मोठ्याच्या शेजारी मोठा, लहानाच्या शेजारी लहान, नीट रांगेत. प्रत्येकाला हळदीकुंकू. खडूचा एकही आकडा नाही.

पाडव्याआधी आमच्याकडे घरातलं काही धुवायचं राहत नाही. गोधड्या, डबे, देव, सगळं. वरच्या आळीची अंबिका मला कौतुकाने सांगू लागली की देवीचे धोंडे धुळीत पडले होते, शेरडं त्यावरून फिरत होती, आणि शाळेतल्या पोरांनी खडूने काहीबाही लिहून ठेवलं होतं. मग काल दुपारी दहाबारा बायका जमल्या, राख आणि नारळाच्या शेंडीने घासून घासून धोंडे स्वच्छ केले. "तुझ्या सासूबाईनं तर नखं झिजवली," ती म्हणाली.

घरी आले. आत्याबाई भाजी निवडत होत्या. माझं तोंड त्यांनी वाचलं असणार. बोटांच्या टोकांची सालं निघालेला हात त्यांनी पदराखाली घेतला.

"ईश्वरीनं बी खडूनं रेघोट्या मारल्यावत्या तिथं," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, समदं तिचंच हाय."

दिवसभर मी फोनमधले फोटो आणि कागद घेऊन दगडांपुढे बसले. दर्शनी सतरा दगड ओळखू आले. आतले चोवीस मात्र फोटोत नव्हतेच. सरांना फोन करावा लागला. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाले, गावाची देवी आहे, सणाला बाहेर ठेवता येणार नाही. परवा सकाळी ठेकेदाराला पाठवतो, विटांची का होईना, देवळी उभी करू.

फोन बन्सीधरने ऐकला होता. तो म्हणाला, "परवा सकाळी ना? मंग उद्याचा दिवस माझा."

दुसऱ्या दिवशी ईश्वरीला कडेवर घेऊन मी पोचले तेव्हा तो दगड ओळखत नव्हता, नुसता एकेक उलटा करत होता. उलटलेल्या अंगावर हात फिरवायचा आणि पुढे सरकायचा. नवव्या की दहाव्या दगडाशी त्याचा हात थांबला. मग तो मागे गेला, आधीचा एक दगड पुन्हा चाचपला.

"ताई," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "हे जात्यावानीच हाय."

मी वाकले. दगडाच्या वरच्या अंगावर, कडेशी, पाखराच्या पायासारख्या तीन रेघा. दुसऱ्या दगडाच्या खालच्या अंगावर त्याच तीन. एकावर एक ठेवले की रेघा जुळून यायच्या. आणखी एकावर फुली, एकावर धनुष्य, एकावर नुसते दोन ठिपके. ज्याने बारव बांधली त्यानेही जोडखुणा केल्या होत्या. देवळी उतरवताना आतल्या अंगांवर जुना चुना आणि माती इतकी बसली होती की आम्हाला त्या दिसल्याच नाहीत. बायकांनी राखेने घासल्या म्हणून उघड्या पडल्या.

माझे आकडे पुसले, त्याखाली त्या जुन्या कारागिराच्या खुणा निघाल्या.

मी नकाशाचा कागद उलटा केला आणि खुणा उतरवत गेले. बन्सीधर दगड फिरवायचा, मी लिहायची. उन्हं कलली तोवर चाळीस दगडांच्या जागा लागल्या. एक खूण उरली. शिखराच्या शेवटच्या थराला फुली होती, आणि तिला जोड नव्हती. रांगेत उरलेला एक्केचाळिसावा दगड कुणीतरी कधीतरी भोकात ठोकलेला साधा धोंडा होता. देवळीचा शेंडाच गेलेला होता.

घरी हे सांगितलं तेव्हा आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, हात झटकले आणि गोठ्यात गेल्या. कोंबड्यांच्या डालीवर वजनाला ठेवलेली ती एकटी तळी त्यांनी पायाने खाली ढकलली.

"बन्सीला म्हण, ह्याचा शेंडा काढ. बापाचं उट्टं फिटू दे."

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवरून आला. बन्सीधरने रात्रीपासूनच रचायला घेतलेली निम्मी देवळी उभी होती. तो थोडा वेळ बघत उभा राहिला, चहा पिऊन गेला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी सर आले. खिशातून ओळंबा काढून त्यांनी स्वतः देवळीला लावला. दोरी दगडाला चिकटून सरळ खाली आली. सरांनी ओळंबा गुंडाळला, हजेरीची वही उघडली, बन्सीधरच्या नावापुढचा मजूर खोडला आणि ठसठशीत अक्षरांत मिस्त्री लिहिलं. वही त्याच्यापुढे धरली. बन्सीधरने दोऱ्याचा चष्मा नीट केला आणि तो एक शब्द लहान मुलासारखं बोट फिरवून वाचला. मग कामाला लागला. वरच्या पायऱ्यांवर बायका देवीला घेऊन थांबल्या होत्या, सगळ्यांच्या पुढे आत्याबाई.

शेंडा तेवढा बसवायचा राहिला होता. जात्याच्या तळीतून काढलेला, जुन्या दगडांपेक्षा किंचित निळसर. त्याच्या खालच्या अंगावर फुली कोरून झाली होती. बन्सीधरने तो मांडीवर घेतला, पाठ वर केली आणि तीन बारीक रेघा मारल्या. आमच्या जात्याला मारल्या होत्या तशाच. टक्, टक्, टक्. मग पाठीला चुना लावला, दगड दोन्ही हातांनी उचलला, खुणेची बाजू भिंतीकडे केली आणि फुलीवर फुली बसवली. तळव्याने एकदा दाबलं. कडेने चुन्याची बारीक ओळ बाहेर आली, ती त्याने अंगठ्याने पुसली.

ईश्वरी माझा पदर धरून हे सगळं टक लावून पाहत होती.

"आई," ती म्हणाली, "मामानं त्याची खूण भिंतीकडं केली. आता ती कोण बघणार?"