यंत्रेश्वराने विझवलेला दिवा

परळच्या एका बंद गिरणीच्या लांबलचक भिंतीलगत त्या रविवारी सकाळी एकवीस मोटारी रांगेने उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या बॉनेटवर एकेक नारळ विराजमान होता. सभोवती भाविकांचा समुदाय हात जोडून तिष्ठत होता. ज्या मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा पेटला आहे, तिचा दिवा यंत्रेश्वर महाराज केवळ स्पर्शाने मालवतात, अशी कीर्ती हिंदमातापासून वरळीपर्यंत पसरली होती.

समुदायाच्या अगदी शेवटी, विजेच्या खांबाआड, जयवंत उभा होता. त्याचे गॅरेज तेथून हाकेच्या अंतरावर. बावीस वर्षे त्याने इंजिने उघडली आणि पुन्हा जोडली. परंतु त्याच्या दारात एकवीस मोटारी एकाच वेळी कधीही उभ्या राहिल्या नव्हत्या. रांगेतल्या सात तर त्याच्याच गिऱ्हाइकांच्या होत्या. त्याने त्या दोनदा मोजल्या, आणि दुसऱ्या वेळी पोटात अधिक आग पडली.

त्या आगीत तेल ओतणारी गोष्ट अशी, की हे महाराज म्हणजे दुसरा तिसरा कोणी नसून गणपत होता. पूर्वी वरळीच्या एका गॅरेजात दोघे शेजारी शेजारी काम करीत. गणपत गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवी. डॅशबोर्ड असा अलगद सोडवी, की त्यावर ओरखडाही उमटू नये. इंजिनाचा मात्र त्याला गंध नव्हता. प्लग कोठे असतो, हे विचारायला तो जयवंतकडेच येई. आज त्याच गणपतच्या पायांवर लोक मस्तक ठेवीत होते.

"बाळांनो," महाराज कफनी सावरीत गरजले, "दिवा पेटतो म्हणजे काय? गाडीच्या पोटात शनी शिरतो! आणि मेकॅनिक काय सांगणार? सेन्सर बदला! अरे, शनीला सेन्सर कळतो का?"

"नाही महाराज!"

"मग पाठ फिरवा, डोळे मिटा, एकशे आठ वेळा नाम घ्या. जो डोळे उघडेल, त्याच्या मागे शनी लागेल!"

भगव्या चादरीने मोटारीचा पुढचा भाग झाकला जाई आणि महाराज आत शिरत. नामघोष संपता संपता ते घामाघूम बाहेर येत, आणि दिवा नाहीसा झालेला असे. "आठ दिवस गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही," हा त्यांचा शेवटचा आदेश. जयवंत कडवट हसला. हिंदमाताच्या गर्दीत चाळीसच्या वर जातो कोण?

इतक्यात त्याला त्याचा मेव्हणा राकेश दिसला. पंधरा दिवसांपूर्वी राकेश आपली मोटार जयवंतकडेच घेऊन आला होता. जयवंतने तपासून सांगितले होते, "धूर शुद्ध करणारी एक जाळी असते सायलेन्सरच्या वाटेवर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. ती तुंबलीय. सेन्सर चांगला आहे रे, तो फक्त साक्षीदार. अगोदर प्लग बदलू, मग जाळी." राकेशला हे काम मोठे वाटले, आणि खुद्द जयवंतच्या पत्नीने, मालनने, भावाला महाराजांचा पत्ता दिला. गेल्या रविवारी दिवा गेला. तेव्हापासून जयवंतच्या ताटात भाकरीबरोबर महाराजांची स्तुतीही वाढली जात होती.

आज राकेश कृतज्ञतेचा नारळ अर्पून थेट गणपतीला कणकवलीस निघणार होता. मागच्या आसनावर त्याची पत्नी प्रिती आणि दोन चिमुकल्या मुली, डिकीत मखर. मालन निरोप द्यायला आली होती. जयवंत खांबाआडून पुढे झाला.

"राकेश, घाटात नको नेऊस. गाडी चढायची नाय. तुंबलेली जाळी तापून लाल होते, खालून पेट घेईल."

"भावजी, दिवा तर गेला ना!"

"अहो, पोरगा गणपतीला निघालाय," मालन कडाडली, "आणि तुमच्या तोंडातून असलं अभद्र? गाडी तुमच्या हातून बरी झाली नाय, हेच दुखतंय तुमचं. जळताय तुम्ही!"

ते खरे होते, हे जयवंतला ठाऊक होते. गाडी घाटात बंद पडावी आणि जगाला कळावे, असा विचार कालच त्याच्या मनात येऊन गेला होता. आता काचेतून हात हलवणाऱ्या त्या दोन मुलींकडे पाहून त्याची मान खाली गेली.

"दोन मिनिटं चावी दे," तो म्हणाला.

आत बसून त्याने चावी अर्धीच फिरवली. बॅटरीचा दिवा लागला, ऑइलचा लागला, सीटच्या पट्ट्याचा लागला. इंजिनाच्या दिव्याची जागा मात्र काळीठिक्कर! वास्तविक चावी फिरताच तोही क्षणभर उजळला पाहिजे. आपण जिवंत आहोत, याची ती त्याची हजेरी असते. जयवंतला गणपतचे ते ओरखडा न उमटवणारे हात आठवले.

"गणपत!" तो बाहेर येऊन ओरडला. "दिवा विझवलास की झाकलास?"

"ए, महाराज बोल!" "गॅरेज चालत नाय म्हणून ह्याच्या पोटात दुखतंय!" भाविकांतून आवाज उठले.

"दुखतंय! जळतोय मी!" जयवंतचा आवाज चिरकला. "म्हणून माझ्यावर विश्वास ठेवूच नका. पण चावी कुणावर जळते काय? ज्यांच्या गाड्या बऱ्या झाल्यात त्यांनी चावी अर्धी फिरवा. सीताराम, तुझी पाळी अजून आली नाय ना? तूही फिरव."

टॅक्सीवाला सीताराम पाळीची वाट पाहत होता. त्याच्या टॅक्सीत इंजिनाचा दिवा झळकला. महाराजांनी आधी बऱ्या केलेल्या ज्या चार मोटारी रांगेत होत्या, त्या चारहींत मात्र ती जागा अंधारी राहिली. नामघोष थांबला.

"तो दिवा मी शनीसह ज्योतीत विलीन केला!" महाराज गरजले.

मालन इतका वेळ एकटक पाहत होती. "विलीन झाला तर जागा रिकामी असेल," ती हळूच म्हणाली. "अहो, उघडा बघू."

जयवंतने राकेशच्या मोटारीत चावी अर्धी फिरवून ठेवली आणि स्क्रू सोडवून डॅशबोर्डची काच काढली. मालनने नखाने एक काळा तुकडा खरवडला. वायरीला गुंडाळतात ती चिकटपट्टी! खालून पिवळा दिवा लखलखला.

मग जयवंतने मोटार सुरू करून राकेशचा हात सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. ॲक्सिलरेटर दाबूनही जेमतेम फुंकर येत होती. सीतारामच्या टॅक्सीचा झोत मात्र हाताला ढकलीत होता. शेवटी त्याने जाळीच्या अलीकडचा सेन्सर सोडवला. त्या भोकातून धुराला वाट मिळताच, दमेकऱ्यासारखी धापणारी ती मोटार गर्जून उठली.

"बघ," तो राकेशला म्हणाला, "वाटच बंद होती. साक्षीदार ओरडत होता, आणि ह्यानं त्याच्या तोंडाला पट्टी लावली."

गडबडीत महाराज निसटले, तेही टॅक्सीने. त्यांची स्वतःची मोटार शीवच्या एका गॅरेजात प्लग बदलायला ठेवलेली आहे, ही बातमी सीतारामनेच फोडली.

राकेशचे कुटुंब दुपारच्या एसटीने गावी गेले. मोटार ढकलीत गॅरेजात आणताना मालन म्हणाली, "आता तरी जळायचं थांबा."

"एकवीस गाड्या होत्या गं," जयवंत पुटपुटला, आणि ती पदर तोंडाला लावून हसली.

वाचकहो, सत्य सांगणारा साधुपुरुषच असतो असे नाही; तो मत्सरीही असू शकतो. म्हणून सांगणाऱ्याचे तोंड पाहू नका, पुरावा पाहा. देवापुढे डोळे मिटावेत, त्यास आमची हरकत नाही. परंतु तुमची वस्तू हाती घेऊन जो तुम्हालाच डोळे मिटायला सांगतो, त्याच्यापुढे ते सताड उघडे ठेवा, आणि चावी स्वतः फिरवा.