सिस्टरबायचं स्टूल

“मम्मी, तुला ही नोकरी खरंच आवडते का गं?”

विचारून दाखव, अशी पैज वर्गातल्या श्रुतिकाने लावली होती. तेजश्रीने भर वॉर्डात विचारलं. तिची आई, सारिका सिस्टर, सलाइन लावत होत्या. “सुई हातात असताना बरं सुचतं तुला,” एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, मी तिथेच होतं. महाडच्या एका इस्पितळातलं जुनं लोखंडी स्टूल. चांगू वेल्डरने मला जोडलं, हिरवा रंग दिला आणि वर उभा राहून म्हणाला, “हत्ती बसला तरी मोडणार नाय.” हत्ती राहू दे, माणूसही माझ्यावर क्वचितच बसलं. पोलादपूरच्या वाड्यांवरची माणसं शेजारी फरशीवरच बसायची. माझा रंग उडाला, पाय डुगडुगू लागला. आपण कुणाला आवडतच नाही, अशी माझी खात्री झाली.

सिस्टरही हल्ली दमायच्या. दोघींचं काम एकटीवर, वर नातेवाइकांचा ओरडा. बिरवाडीच्या एका कंपनीच्या दवाखान्यात दिवसपाळीची जागा होती. आज हो की नाही ते कळवायचं होतं. “घे ना मम्मी,” हा हट्ट तेजश्रीचाच. आई घरात दिसावी म्हणून.

खाटेवर कुशाबा होते, खाली त्यांची बायको बयाबाई.

“आजी, स्टूल आहे की. खाली कशाला?” तेजश्रीने विचारलं.

“तो सिस्टरबायचा हाय गो. पाव्हण्याचा पाट आपुन घ्यावा का? सुनेच्या बाळंतपणातबी ठेवला व्हता. सिस्टरबाय बसलीच नाय.”

सिस्टर थबकल्या. “मला वाटायचं, मोडकं म्हणून कुणी बसत नाही.”

“आमच्या वाडीतली समदी तुज्यासाठीच ठेवतात. टेक आता.”

सिस्टर बसल्या. मी जराही डुगडुगलं नाही. कुशाबा म्हणाले, “घटकाभर उठायचं नाय हां.”

सिस्टर हसल्या. “आवडते गं तेजू. खूप आवडते. फक्त घरी जाऊन पुन्हा भाकऱ्या थापायला उभं राहणं, तेवढं नको वाटतं.”

मित्रांनो, मला नवा रंग नको. तुमची सिस्टर दिसली, की मला तिच्याकडे सरकवा आणि ‘बसा’ म्हणा. नुसतं ठेवून तिला कळत नाही.

ड्यूटी संपली. न्यायला आलेले सुनील पप्पा हेल्मेट घेऊन दारात उभे राहिले. “मग, कंपनीला काय कळवू?”

सिस्टरांनी लेकीकडे पाहिलं.

“मी हट्ट सोडला,” तेजश्री म्हणाली. “मम्मी, तू इथेच राहा. आजपासून रात्रीच्या भाकऱ्या मी थापणार. आणि पप्पा, पीठ तुम्ही मळणार.”