शिंपीकाकांची पहारेकरीण

मित्रांनो, मी एक जुनी, अर्धी रिकामी मलमाची ट्यूब आहे. दवाखान्यातल्या कचऱ्याच्या पिशवीच्या तळातून बोलते आहे, तेव्हा जरा कान देऊन ऐका.

माझा जन्म इतक्या स्वच्छ कारखान्यात झाला, की तिथल्या माणसांचे मला फक्त डोळेच दिसले. तिथून मी शिंपीकाकांच्या डायलिसिसच्या पिशवीत आले. काकांच्या छातीत गळ्याच्या हाडाखाली एक नळी घातलेली होती. तिचे आतले टोक थेट हृदयापाशी. यंत्र त्या नळीतून त्यांचे रक्त बाहेर घेई, धुई आणि परत देई. नळी कातडीत शिरते ती जागा मी राखायची. सिस्टर ती पुसून घेत, मला निर्जंतुक कापसावर पिळत आणि माझे तोंड कशालाही टेकू देत नसत. माझ्या आधी तिथून जंतू शिरले होते आणि काका हुडहुडी भरून मरता मरता वाचले होते. "ही माझी पहारेकरीण," असे ते सगळ्यांना सांगत. मी अगदी फुशारून जायची.

मग एका दुपारी त्यांची नात सायकलवरून पडली. "रडू नको गं, आजोबांकडे भारी औषध आहे," म्हणत काकांनी माझे तोंड तिच्या फुटलेल्या गुडघ्याला टेकवले आणि टोपण घट्ट लावले. मायेपोटीच केले हो त्यांनी.

टोपणाखालच्या अंधारात मला कळले, की मी एकटी नाही. वाळलेल्या रक्ताशी काहीतरी होते. माझ्या औषधाला ते भीत नव्हते. बोलतही नव्हते. नुसते वाढत होते आणि वाट बघत होते. कशाची, ते मला पक्के ठाऊक होते. पण मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

पुढच्या डायलिसिसला सिस्टरांनी टोपण काढले. काका छाती उघडी टाकून, डोळे मिटून नातीच्या गमती सांगत होते. कापूस जवळ आला. माझ्या तोंडाशी बसलेले ते पुढे सरकले.

"काका, हिच्या तोंडाला हे काळं काय लागलंय?"

"नातीचा गुडघा फुटला होता ना, जरासं लावलं."

"जरासं? अहो, हे थेट रक्तात गेलं असतं!" सिस्टरांनी कापूस बाजूला टाकला. त्यांनी नवी ट्यूब मागवली आणि मला कचऱ्याच्या पिशवीत टाकले. मला हायसे वाटले.

आम्हा वस्तूंना जपा, असे सगळ्याच वस्तू सांगतात. मी उलटे मागते. आत्ता कुणीतरी पिशवीची गाठ सोडते आहे. "अगं, ही तर अर्धी भरलेली आहे!" असा आवाज येतो आहे. बोटे जवळ येत आहेत आणि ते पुन्हा पुढे सरकले आहे.

मित्रांनो, माझी कीव करू नका. मला उचलू नका.